कोळ्यासाठी कुणाला बोलवायचं?

घर कितीही नवं असो, कोळी आपल्या आधी राहायला आलेला असतो. किल्ल्या हातात पडल्या, वास्तुशांत झाली, भिंतींचा रंगाचा वास अजून गेलेला नाही, तोवर बाथरूमच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅनच्या मागे बारीक लांब पायांचा कुणीतरी उलटा लटकताना दिसतो. तो डासांची वाट पाहत असतो. आपण मात्र तो आपल्यावरच टपून बसलाय अशा समजुतीने टॉवेल आवळून बाहेर येतो.

झुरळ, मुंगी, ढेकूण, वाळवी यांची आपल्याला किळस असते, काळजी असते. कोळ्याच्या बाबतीत त्यात अब्रूही मिसळते. झुरळ दिवे मालवल्यावर ओट्यावर फिरतं, वाळवी चौकटीच्या पोटात शिरून काम करते. कोळ्याचा कारभार उघड्यावर, हॉलच्या छताला, पाहुण्यांच्या देखत. जळमटं लोंबणारं घर म्हणजे आळशी बाईचं घर, हा निकाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे, आणि त्यात घरातल्या पुरुषावर कधी ठपका आल्याचं मी ऐकलेलं नाही. घटस्थापना जवळ आली, दिवाळी जवळ आली, मुलीला बघायला मंडळी यायची असली की डोक्याला फडकं बांधून लांब काठीचा कुंचा छताला फिरवायचा तो बाईनेच. त्यामुळे कोळ्यासाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला जे फोन होतात, त्यांतल्या पुष्कळ फोनांमागे धोका थोडा आणि लाज जास्त असते.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर कॉलेज सुटलं, पण फोन सुटले नाहीत. साप निघाला तर लोक सर्पमित्राला बोलावतात, कोळी निघाला तर मला विचारतात. प्रश्न बहुधा एकच असतो, ‘कुणाला बोलवायचं का?’ यातला ‘कुणी’ म्हणजे पाठीला पंप लावून येणारा माणूस, हे विचारणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की त्या ‘कुणा’चाच विचार आधी करायला हवा. कोळ्याच्या निमित्ताने माणसाला होणारा त्रास कधी भिंतीवर असतो, कधी कातडीवर, कधी मनात. तिन्हीकडे मदतीला येणारी माणसं वेगळी. भलत्या माणसाला बोलावलं तर पैसे जातात हे खरं, पण मूळ दुखणंही तिथेच मुरत राहतं, आणि ते पैशांपेक्षा महाग पडतं.

आधी भिंतीवरचं बघू. आपल्या घरांतली बहुतेक जळमटं एकाच बारीक जिवाची करणी असतात. शास्त्रीय नाव क्रॉसोप्रिझा लायोनी. राखाडी, काडीसारखे पाय, कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं. त्याला कुंच्याचं टोक लागलं की तो जाळ्यातच गरगर थरथरायला लागतो, इतक्या वेगाने की नजरेला नुसती धूसर रेघ दिसते. मादी अंड्यांचा झुबका तोंडात धरून बसते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. थायलंडमध्ये काही संशोधकांनी या कोळ्याचा खास अभ्यास करून १९९७ साली तो प्रसिद्ध केला. कारण असं की घरात राहून तो डेंग्यू पसरवणारे डास खातो. आपण ज्याला गबाळेपणाची खूण समजतो, त्याच्याकडे साथीच्या रोगांचे अभ्यासक कामाचा गडी म्हणून बघतात.

दुसरा बिनजाळ्याचा. खिडकीच्या चौकटीवर, टेबलावर, कधी लॅपटॉपच्या पडद्यावर टुणकन उडी मारणारा. त्याचे पुढचे दोन डोळे मोठे असतात आणि आपण जवळ गेलो की तो अंग वळवून सरळ आपल्याकडे बघतो. या कुळातली एक जात आमच्या ठाण्याच्या परिसरात सापडली, २०२१ साली तिचं नामकरण झालं, आणि २६/११ च्या रात्री जिवंत अतिरेक्याला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं. ही माहिती मी फोनवर आवर्जून सांगते. ज्याच्यावर चप्पल उगारली होती त्याच्या भाऊबंदाला असं नाव आहे हे कळलं की चप्पल जरा खाली येते.

तिसरा मात्र खरी घाबरगुंडी उडवतो. तपकिरी, चपटा, पाय पसरले की तळहाताएवढा. कोकणातल्या न्हाणीघरात, जुन्या चाळीतल्या सामायिक संडासात, मुंबईतल्या तळमजल्यांवर रात्री दिवा लावला की हा भिंतीवर गच्च बसलेला. जाळं विणत नाही, धावून शिकार करतो, आणि त्याची आवडती शिकार म्हणजे झुरळ. मादीच्या पोटाखाली पांढरी, गोल, नाण्यासारखी पिशवी असते. तिच्यातून एकदम शेकडो पिल्लं निघतात. त्या रात्री येणारा फोन मी ओळखते, कारण पलीकडचा माणूस सांगत असतो, ‘छत हलतंय!’ पुढच्या काही दिवसांत ती पिल्लं पांगतात, एकमेकांनाही खातात, पालींच्या तोंडी पडतात, आणि मोजकीच मोठी होतात. हा कोळी हाताने पकडला तर चावतो आणि दुखतं, पण माणसाच्या जिवाला त्याचा धोका नाही.

जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं, पण ते किड्यांच्या मापाचं. माणसाला खरोखर त्रास देऊ शकतील अशा जाती फार थोड्या. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. त्यांच्या चाव्याने स्नायूंत जबरदस्त गोळे येतात. रानाला लागून असलेल्या घरात ते कधीमधी शिरतात. तिथे पंपवाल्याचं काम नाही. दार लावून घ्यावं, मुलांना आणि मांजराला दूर ठेवावं आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावं. बाकी शहरातल्या घरात जे दिसतं, त्याचा निकाल कुंचा लावू शकतो.

कुंच्याचं महत्त्व मला आमच्याकडे झुरळांचं जेल लावायला येणाऱ्या माणसाने नव्याने पटवलं. या धंद्यात केस पिकवलेला, मोजकं बोलणारा. शेजारच्या बाई त्याला म्हणाल्या, ‘कोळ्यांसाठी पण मारा हो काहीतरी.’ तो म्हणाला, ‘मारतो काकू, पण पैसे वाया. महिन्याने परत बसेल तो. आधी बाल्कनीतला पांढरा लाइट काढा आणि पिवळा लावा.’ धंद्याच्या विरुद्ध दिलेला सल्ला सहसा खरा असतो. पांढऱ्या प्रखर दिव्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे कोळी येतात. पिवळसर दिव्यावर किडे कमी, म्हणून कोळीही कमी.

औषध का लागू पडत नाही, हेही समजण्यासारखं आहे. भिंतीवर फवारलेल्या औषधावरून झुरळ पोट घासत चालतं, मग मिशा आणि पाय तोंडाने साफ करतं आणि विष आपणच पोटात घेतं. कोळ्याचं अंग पायांवर उंच तोललेलं असतं, जमिनीला लागतात ती फक्त पायांची टोकं. जाळ्यात राहणारा तर भिंतीला टेकतही नाही. आणि जेलचं आमिष त्याच्या कामाचं नाही, कारण त्याला हालतं भक्ष्य लागतं. थेट अंगावर फवारा पडला तर तो मरतो, पण तेवढ्या जवळ जायचंच असेल तर हातात पंपाऐवजी कुंचा का नको? जाळं काढावं, अंड्यांची पिशवी दिसली तर तीही काढावी, खिडक्यांना जाळी बसवावी, मोरीच्या तोंडाशी झाकण ठेवावं, माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी कमी करावी. एवढं केलं की कोळी उपाशी पडतो आणि आपण होऊन दुसरं घर बघतो.

मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच नाही का? बोलवावं, पण कारण नेमकं माहीत असावं. तो मोठा तपकिरी कोळी घरात वारंवार दिसत असेल, तर त्याला कुठेतरी पोटभर झुरळं मिळतायत. ती सिंकखाली असतील, डक्टमध्ये असतील, फ्रिजच्या मागे मोटरच्या उबेत असतील. कोळी हा तिथे खबऱ्या आहे. खबऱ्याला मारून चोर सापडत नाही. अशा वेळी माणूस बोलवावा तो झुरळांसाठी. गावचं बंद घर खूप दिवसांनी उघडलं, माळ्यावर, वळचणीला, भाताच्या कणगीमागे काय काय आहे याचा अंदाज नाही, तेव्हाही हातमोजे घातलेला अनुभवी माणूस बरा. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे उंची. सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा एका जळमटासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवून चढतात. माझ्या ओळखीत कोळ्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही, स्टुलाने मात्र खुब्याची हाडं मोडली आहेत. छत उंच असेल आणि घरात तरुण हात नसेल, तर दोन पैसे देऊन माणूस बोलावणं हाच शहाणपणा. फक्त त्याच्या हातात फवारणीचा पंप नसला तरी चालेल.

फवारणी करायची ठरलीच, तर दोन प्रश्न विचारायला लाजू नये. परवाना आहे का, आणि कोणतं औषध मारणार. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. औषधाच्या मूळ डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. बिनलेबलाच्या बाटलीतून आणलेलं पांढरं पाणी घरात मारू देऊ नये, मग तो कितीही ‘हर्बल’ म्हणो. घरगुती फवाऱ्यांत जी पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, ती माशांना अत्यंत घातक असतात, आणि त्यांतली काही मांजरांनाही. फिशटँक झाकून त्याचा हवेचा पंप बंद करायचा असतो, हे सांगणारा माणूस भेटला तर तो कामाचा आहे असं समजावं. आणि धुरी देणाऱ्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या खोलीत ठेवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो झोपेतल्या माणसाचा जीव घेतो.

भिंतीवरून कातडीवर येऊ. माझ्या आजीकडे अंगावर उठणाऱ्या निम्म्या फोडांचं निदान तयार असे, ‘कोळी मुतला.’ ओठाच्या कडेला फोड आले तरी कोळी, मानेवर लाल पट्टा उठला तरी कोळी. आता आजी नाही, पण निदान टिकून आहे. माणसं सोन्यासारखा मोबाइल काढून फोडांचा फोटो पाठवतात आणि विचारतात, कोणता कोळी असेल? कोळ्याचं मलमूत्र एकत्रच पडतं, पांढरट ठिपक्यासारखं, आणि त्याने कातडी भाजत नाही. चावा म्हणावा, तर चावणारा कोळी कुणी पाहिलेला असतो असं क्वचितच घडतं.

पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक लांबट किडा आहे, तांबडा आणि काळा, पहिल्या नजरेला मुंगीच वाटावा असा. पेडेरस हे त्याचं शास्त्रीय नाव. भातशेतीच्या ओल्या भागात तो पुष्कळ असतो. तो चावत नाही, नांगी मारत नाही. पण मानेवर वळवळलं म्हणून आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा द्रव कातडीवर फासला जातो. लगेच काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो, आणि कोपराच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे जुळे डाग उमटतात. तोवर किडा कोण आठवतो? छताला मात्र कोळी हजर असतो. खापर त्याच्यावर.

इथवर ठीक आहे. साबणपाण्याने धुतलं आणि डॉक्टरांनी मलम दिलं की पेडेरसचा डाग जातो. पण त्याच ‘कोळी मुतला’च्या आड नागीण असेल तर? अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठणारे, आधी ठणकणारे आणि मग भरणारे फोड. नागिणीवरच्या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात. ते तीन दिवस आपण फोडांवर काहीबाही लेप लावण्यात आणि घरात फवारणी करून घेण्यात घालवले, तर पुढे महिनोन्‌महिने रेंगाळणारी वेदना मागे राहू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. तिसरं उदाहरण आणखी गंभीर. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली एक काळी खपली, फारशी न दुखणारी, आणि सोबत ताप. बघणारा म्हणतो, कोळी चावलाय. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. गवतातल्या अतिसूक्ष्म माइटच्या पिल्लांच्या चाव्यातून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याने माणसं दगावली होती. वेळेत ओळखला तर नेहमीच्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. सगळं अडतं ते वेळेपाशी.

आसामात सदिया भागात २०१२ साली कोळ्यांची मोठी दहशत पसरली होती. चाव्याने दोघे गेल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या, शास्त्रज्ञ तिकडे धावले. पण त्या मृत्यूंचं नेमकं कारण सिद्ध झालं नाही. बातम्यांतच असंही होतं की त्या रुग्णांना आधी गावातल्या उपचार करणाऱ्याकडे नेलं होतं आणि तिथे चावा बसलेल्या जागी ब्लेडने चिरे दिले होते. कोळी किती विषारी होता यावर लोक पुष्कळ दिवस बोलले. ब्लेडवर बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं.

म्हणून कातडीच्या बाबतीत माझा सल्ला आखूड असतो. सूज पसरतेय, ताप आहे, स्नायूंत गोळे येतायत, घाम फुटलाय, श्वास लागतोय, जखम काळी पडतेय, किंवा लहान मूल आहे, तर कोळी शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. कोळी सापडला तर बाटलीत घालून न्या, नाही सापडला तर त्याच्यावाचून जा. आणि डॉक्टरांना ‘कोळी चावला’ असं सांगू नका. काय दिसलं, कधी दिसलं, तेवढं सांगा. नाव ठेवायचं काम त्यांचं.

उरलं मन. या तिसऱ्या जागेची ओळख मला माझ्या भाचीमुळे झाली. हुशार मुलगी, पुण्यात चांगल्या कंपनीत. ट्रेकिंग करते, रात्री एकटी गाडी चालवत येते, कशाला डगमगत नाही. कोळी सोडून. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट घेतलं होतं, आणि तरी मधेच माणूस बोलवून जादा फवारणी करून घ्यायची. बाथरूममध्ये जाण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून चारही कोपरे तपासायची. पुढे पुढे कपाटातला वापरात नसलेला कप्पा उघडेना. गणपतीत राजापूरकडच्या आमच्या माहेरच्या घरी यायचं तिने बंद केलं, कारण तिथलं न्हाणीघर. दरवर्षी रजेचं वेगळं कारण. तिचे मामा आरतीनंतर हसत सांगत, ‘आमच्या इंजिनीअरबाई आठ पायांच्या कोळ्याला भितात!’ आणि सगळं घर हसत असे.

भीती ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नाही. २०१७ मध्ये लाइपझिग आणि उप्सालाच्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची, माशांची आणि कोळ्या-सापांची चित्रं दाखवून पाहिली. कोळी आणि साप बघताना बाळांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. ज्यांना अजून कुणी ‘ई’ करून दाखवलेलं नाही, त्यांच्याही अंगात थोडी सावधगिरी मुळातच असावी असा त्याचा अर्थ. दचकणं हे त्यामुळे सगळ्यांचंच. पण दचकणं आणि भयगंड यांत फरक आहे. सहा महिने आणि त्याहून अधिक टिकलेली भीती, जिच्यापायी माणूस ठिकाणं टाळतो, नाती टाळतो, रोजची कामं टाळतो, ती मानसशास्त्राच्या भाषेत उपचाराची बाब ठरते. माझी भाची कधीच ती रेषा ओलांडून पलीकडे गेली होती. आणि ती मदत घेतही होती, नियमित पैसे मोजून. फक्त चुकीच्या माणसाची.

तिने ज्या मानसशास्त्रज्ञ बाईंना शेवटी गाठलं, त्यांनी तिला सांगितलेली गोष्ट तिने मला फोनवर सांगितली, तेव्हा माझं भिंतीवरचं सगळं शास्त्र मला अपुरं वाटायला लागलं. भीती वाटली की आपण पळतो किंवा फवारा मारतो. लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू धडा घेतो की वाचलो ते पळालो म्हणून. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर, आणखी जोरात येते. म्हणजे पंपवाल्याची प्रत्येक खेप तिच्या भिंती निर्धोक करत होती आणि तिची भीती पोसत होती.

उपचार उलट दिशेने चालतो. भीतीजवळ हळूहळू, स्वतःच्या मर्जीने जायचं आणि ती ओसरेपर्यंत तिथे थांबायचं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये हे एकाच लांब, जास्तीत जास्त तीन तासांच्या बैठकीत करण्याची पद्धत मांडली आणि पुढे कोळ्यांना भिणाऱ्या लोकांवर ती तपासली. त्यात उपचार करणारा माणूस प्रत्येक पायरीला परवानगी विचारतो, आधी स्वतः करून दाखवतो, अचानक काही अंगावर आणत नाही. काचेचा ग्लास पालथा घालून खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि कोळी बाहेर सोडायचा, ही त्यातली एक पायरी. आमच्या घरातल्या थट्टेखोरांचा उपचार याच्या नेमका उलटा होता. लहानपणी तिच्या अंगावर प्लॅस्टिकचा कोळी टाकणाऱ्या मामेभावांना वाटे की तिची भीती मोडेल. मर्जीविरुद्ध अंगावर आलेली गोष्ट भीती मोडत नाही, वाढवते.

भाचीची बैठक एका दिवसात उरकली नाही. चित्र, मग व्हिडिओ, मग बरणीतला, मग बरणी मांडीवर. मध्ये काही काळ तिने सगळं सोडून दिलं, पुन्हा सुरू केलं. पुढच्या गणपतीत ती राजापूरला आली. न्हाणीघरात गेली ती बॅटरी घेऊनच, आणि बाहेर आली तेव्हा घामाने भिजलेली होती. पण गेली. तिला कोळी आजही आवडत नाही, आणि आवडायला हवा असा आग्रह कुणी धरू नये. पेस्ट कंट्रोलचं कंत्राट तिने पुढे चालू ठेवलं नाही. तेवढ्या पैशांत काय काय आलं असतं याचा हिशेब ती आता हसत करते, आणि हा हिशेब करताना हसण्याचा हक्क फक्त तिचा आहे.

मला जे सतत खटकतं ते हे की भिंतीसाठी माणूस बोलावताना आपण क्षणभर थांबत नाही. कातडीसाठी दोन-चार दिवस थांबतो. मनासाठी वर्षानुवर्षं थांबतो, आणि तेही लपवून. पंपवाला घरी आला तर शेजारी विचारतात, ‘आमच्याकडेही पाठवाल का?’ मानसशास्त्रज्ञाकडे जाताना शेजाऱ्याला सांगायचं ते दाताकडे चाललोय म्हणून. जळमटाने जाणारी अब्रू आणि भीतीने जाणारी अब्रू एकाच घरात राहतात, आणि दोन्ही बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला येतात. तरुण पोरं निदान थोडी मोकळी झाली आहेत. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. कोळ्यासाठी तिथे फोन करावा का, असं मला एका शेजारणीने संकोचून विचारलं. कोळ्यासाठी नाही, पण कोळ्यापायी झोप जात असेल तर जरूर करावा, असं मी सांगितलं.

आता फोन आला की कोळी किती मोठा, केसाळ की गुळगुळीत, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, ‘तू कुठे उभी आहेस?’ उत्तर ‘स्टुलावर’ असं आलं की म्हणते, आधी खाली उतर आणि पोराला किंवा वॉचमनला कुंचा दे. ‘आरशासमोर’ असं आलं, दंडावर फोड आहेत म्हणाली, तर दवाखान्याची वेळ विचारते. ‘सिंकपाशी, आणि इथे झुरळं पण आहेत’ म्हणाली तर त्या केस पिकलेल्या माणसाचा नंबर देते. आणि कधी पलीकडून वाहनांचे आवाज ऐकू येतात, बाई आठव्या मजल्यावरच्या घरातून उतरून खाली गेटबाहेर रस्त्यावर उभी असते आणि म्हणते, ‘वर जाववत नाहीये हो.’ मग मी कोळ्याचं नाव विचारत नाही. चपला घालते आणि तिला म्हणते, ‘थांब तिथेच, मी येते. ग्लास आणि पोस्टकार्ड घेऊन वर जाऊ. त्याचं आज बघू, आणि तुझ्यासाठी कुणाला फोन करायचा ते चहा घेता घेता ठरवू.’